आरशासमोरचं भूत

मुलांची तोंडं रंगवू नका, असं सांगणारा माणूस स्वतः रंगभूषाकार असेल, तर त्याचं म्हणणं नीट ऐकून घ्यावं लागतं. ठाण्यात टेंभी नाक्याच्या आमच्या जुन्या इमारतीत पलीकडच्या बिऱ्हाडात राहणारे नाना असे आहेत. तलावपाळीला गडकरी रंगायतन 1978 साली सुरू झालं आणि पुढची कित्येक वर्षं नानांची संध्याकाळ तिथल्या रंगपटात गेली. किती राजे, किती सासवा, किती खलनायक त्यांच्या हाताखालून रंगमंचावर गेले. नवरात्राचा मांडव उतरून दिवाळीची साफसफाई सुरू झाली की हेच नाना इमारतीतल्या आयांना बजावतात, हॅलोवीनसाठी पोरांच्या तोंडाला रंग फासू नका.

मी त्या आयांपैकी एक. माझी मुलगी पहिलीत आहे. घोडबंदर रस्त्यावरच्या संकुलांत राहणारी तिची मावसभावंडं एकतीस ऑक्टोबरला भुतं होऊन घरोघर फिरतात, ते बघितल्यापासून तिलाही भूत व्हायचं आहे. आणि मला तिला रंगवायचं आहे, घरी, माझ्या हातानं. नानांचं-माझं यावरचं बोलणं जिन्यात, गॅलरीत, त्यांच्याकडे चहाला बसल्यावर असं तुकड्यातुकड्यानं झालं. ते इथे सलग मांडते आहे, कारण ठाण्यात, डोंबिवलीत, कल्याणात कितीतरी घरांत हाच वाद अर्धवट राहतो. एक जण म्हणतो, आपला सण नाही. दुसरा म्हणतो, मुलांची हौस आहे. रंगाबद्दल मात्र कोणीच बोलत नाही.

नाना: सोंगाला महिना असतो. आपला शिमगा आहे की! कोकणात संकासुर निघतो, काळा झगा, उंच टोपी, पांढरी दाढी. पोरं त्याला बघून पळतात आणि पुन्हा त्याच्याच मागे धावतात. जव्हार-मोखाड्याकडे होळीनंतर बोहाडा होतो. तो मुलूख आता पालघरात गेला, पण 2014 पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता. रात्रभर संबळ वाजतो, मशालीच्या उजेडात एकेक देव, एकेक दैत्य मुखवटा चढवून नाचत येतो. कोणतं सोंग कोणी नाचवायचं त्याचे मान ठरलेले. बाप नाचवत होता, आता मुलगा नाचवतो. त्या मुखवट्याला गाव हात जोडतं. तुमच्या हॅलोवीनमध्ये काय आहे? दुकानातला झगा, शेजाऱ्याच्या दारात चॉकलेट आणि मोबाइलवर फोटो.

मी: पण नाना, आपलं आणि परकं हे टेंभी नाक्यावर उभं राहून कसं मोजायचं? सिव्हिल हॉस्पिटलसमोरचं सिनेगॉग 1879 सालचं आहे. आनंद दिघ्यांनी इथे देवी बसवायला सुरुवात केली त्याच्या कितीतरी आधीपासून बेने इस्रायली माणसं या रस्त्यानं प्रार्थनेला येताहेत. त्यांच्या पुरीमच्या सणाला ज्यू मुलं जगभर वेश बदलून नटतात. तो सण येतो आपल्या होळीच्या सुमाराला, म्हणून मराठी बोलणारी ही माणसं त्याला होळीचा सणच म्हणायची. तळ्याजवळ सेंट जॉनचं चर्च आहे. तिथली ख्रिस्ती घरं एक नोव्हेंबरला सगळ्या संतांची आठवण काढतात, दोन तारखेला आपल्या गेलेल्या माणसांच्या कबरींवर फुलं ठेवतात, मेणबत्त्या लावतात. हॅलोवीन म्हणजे त्या संतांच्या दिवसाची आदली संध्याकाळ. ही तारीख ठाण्याला नवी नाही.

नाना: तारीख जुनी असेल. कबरीवर मेणबत्ती लावणारा माणूस तोंडाला रंग फासत नाही. तू दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधतेस.

मी: मग आपल्याकडचं बघा. 2024 साली एकतीस ऑक्टोबरलाच नरक चतुर्दशी आली होती. पहाटे तेल-उटणं, तुळशीपाशी पायाच्या अंगठ्यानं कारीट फोडायचं आणि तो नरकासुर मेला म्हणायचं. गोव्यात तर आदल्या रात्रीपासून नरकासुराचे अक्राळविक्राळ पुतळे उभे करतात आणि पहाटे जाळतात. पावसाळा संपून रात्र मोठी व्हायला लागली की माणसाला भयाचं रूप करून बघावंसं वाटतं. हॅलोवीन जिथून आलं त्या आयर्लंडमध्ये वाटलं, गोव्यात वाटलं.

नानांनी यावर मान हलवली, पण होकारार्थी नव्हे. त्यांचा हा पहिला आक्षेप मला फार भक्कम वाटत नाही, हे मी त्यांना सांगितलंही. सण प्रवास करतात. ख्रिसमसचा तारा टेंभी नाक्याच्या गॅलऱ्यांत कधीचा लागतो आणि त्यानं आकाशकंदिलाचं काही बिघडलेलं नाही. पण त्यांचा दुसरा आक्षेप त्यांच्या कामातून आलेला होता आणि तो मला अजून पुरता खोडता आलेला नाही.

नाना: रंगभूषा कोणासाठी असते सांग. शेवटच्या रांगेतल्या माणसासाठी. रंगमंचावर दिवे तोंडावर येतात, नाक-डोळे सपाट होतात, म्हणून आम्ही बेस लावतो, नाकाच्या कडेला शेड देतो, डोळ्याला लायनर ओढतो. बाल्कनीतल्या माणसाला नटाचा राग दिसावा यासाठी ती सगळी खटपट. तुझी मुलगी तुझ्यापासून किती लांब असते? हाताच्या अंतरावर. तिचा राग, हसू, रुसवा सगळं तुला आपोआप दिसतं. त्यावर थर देऊन तू दाखवणार काय आहेस?

मी: दाखवायचं नाही नाना, तिला लपायचं आहे. तिला दिवसभर सगळे ओळखतात. शाळेत नाव पुकारतात, खाली वॉचमन नावानं हाक मारतो, आज्या गालगुच्चे घेतात. एक संध्याकाळ कोणी ओळखू नये, आपल्याला बघून कोणीतरी दचकावं, असं तिला वाटतं. सहा वर्षांच्या जिवाला कोण दचकतं? एरवी तीच सगळ्याला दचकते. कुत्र्याला, कुकरच्या शिट्टीला, अंधाऱ्या जिन्याला.

नाना: मग मुखवटा दे. पाच मिनिटांत घालता येतो, नको वाटला की काढता येतो. रंग निघता निघत नाही.

मी: मुखवट्याच्या आत मूल एकटं असतं. नीट दिसत नाही, श्वास कोंडतो, जिना उतरताना पाय चुकतो. आणि मुखवटा तयार येतो. रंगवायला बसलं की अर्धा तास ती माझ्यासमोर, माझा हात तिच्या हनुवटीखाली. एरवी इतका वेळ ती माझ्या तोंडाकडे बघत कधी बसते?

इथे नाना गप्प झाले. मला वाटतं, त्यांना रंगपट आठवला असावा. नट आणि रंगभूषाकार तास-दीड तास तसेच बसतात, तोंडासमोर तोंड. पण ते लगेच सावरले, आणि पुढे जे बोलले ते प्रत्येक घरानं ऐकावं असं आहे.

नाना: तोंडाला लावायच्या रंगानं माणसं आजारी पडली आहेत, माहीत आहे ना? जुने नट मुरदाडशिंग सहाणेवर उगाळून तोंडाला लावायचे. ते शिशाचं ऑक्साइड. लालीसाठी हिंगूळ, त्यात पारा. कथकलीचा जुना पिवळा रंग हरताळाचा, त्यात सोमल. जपानात 1887 साली सम्राटापुढे काबुकीचा खेळ झाला, तेव्हा एका नामवंत नटाचे पाय भर रंगमंचावर थरथरायला लागले. वर्षानुवर्षं लावलेल्या पांढऱ्या रंगातलं शिसं त्याच्या अंगात भिनलं होतं. जर्मनीतल्या लाइशनर नावाच्या ऑपेरा गायकानं 1873 मध्ये बर्लिनला शिशाशिवायचा ग्रीस पेंट बनवायला घेतला, तो याच भीतीतून. त्याला स्वतःच्या कातडीची काळजी होती. नटाचं तोंड हे त्याचं पोट असतं. मग पोराचं तोंड म्हणजे काय असेल?

मी: ते दीडशे वर्षांपूर्वीचं झालं.

नाना: दीडशे वर्षांपूर्वीचं नाही. अमेरिकेत सुरक्षित सौंदर्यप्रसाधनांसाठी मोहीम चालवणाऱ्या एका गटानं 2009 साली मुलांच्या तोंडाला लावायचे दहा रंग प्रयोगशाळेत तपासून घेतले. दहाच्या दहा रंगांत शिसं निघालं. सहांमध्ये निकेल, कोबाल्ट, क्रोमियम यांपैकी काही ना काही होतं, ज्यांनी कातडीला ॲलर्जी होते. मुलाच्या रक्तात अमुक इतकं शिसं चालेल, अशी सुरक्षित मर्यादा डॉक्टर मानतच नाहीत. आणि पोरं गालाला हात लावतात, तोच हात तोंडात घालतात.

नानांच्या या माहितीनं मी घाबरले नाही, पण त्या दिवसापासून रंगाची डबी उलटी करून वाचायला लागले. आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनांवर 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याचं नियंत्रण आहे, त्याखाली 2020 चे नियम आहेत. शिसं किंवा सोमल यांची संयुगं रंगासाठी वापरायला बंदी आहे. प्रसाधनात घालायच्या रंगद्रव्यात नकळत राहून जाणाऱ्या शिशालाही दहा लाखांत 20 भाग ही कमाल मर्यादा आहे. वेष्टनावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, घटकांची यादी आणि मुदत छापावी लागते. यातलं काहीच ज्या डबीवर नाही आणि नुसतं 'नॉन टॉक्सिक' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आहे, ती डबी चित्रकलेच्या वहीसाठी ठेवावी. पोस्टर कलर, ॲक्रिलिक, स्केचपेन मुलानं चुकून चाटलं तर विष नाही, एवढाच त्या शब्दांचा अर्थ असतो. ते चामडीवर तासन्‌तास ठेवायला बनवलेले नसतात. ॲक्रिलिक तर वाळून प्लास्टिकचा पापुद्रा होतो आणि सोलून काढताना गालाचं कातडं ओढलं जातं.

मी: म्हणजे चांगला, परवान्याचा, पाण्यात कालवायचा रंग आणला तर तुमची हरकत नाही?

नाना: हरकत आहेच. पण तू ऐकणार नाहीस हे दिसतंय. मग निदान नीट शीक. आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढा रंग लाव. दुसऱ्या दिवसापर्यंत लाली, खाज, पुरळ काही उठलं तर तो रंग बाद. पोराला आधीच इसब असेल, गालावर ओरखडा असेल, नाक वाहत असेल, डोळे आलेले असतील, तर त्या वर्षी रंग नाही. हातावर भोपळा काढ आणि विषय संपव.

मी: आणि घरातलं काही वापरलं तर? हळद, बीट, तांदळाचं पीठ?

नाना: हळद लावलीस तर पोरगी भाऊबिजेपर्यंत पिवळी राहील. बीट गालावर धड चढत नाही, फ्रॉकवर मात्र डाग पाडतं. पांढरा मात्र घरी बरा होतो. कॉर्नफ्लॉवर आणि कोल्ड क्रीम समसमान घे, थेंब थेंब पाणी घालून घोट. भुताला पांढराच लागतो. काजळ मला आवडत नाही. तुमच्या ठाण्याच्या ऑक्टोबरमध्ये घाम आला की काजळ हनुवटीपर्यंत ओघळतं. आणि चुना, टूथपेस्ट, फेविकॉल यांना हात लावायचा नाही. पोरं मोबाइलवर काय काय बघतात, म्हणून सांगतोय.

'तुमच्या ठाण्याच्या' असं ते म्हणाले, कारण नाना मूळचे कुडाळकडचे. लहानपणी दशावतारी नटांना त्यांनी देवळामागे, कंदिलाच्या उजेडात, हातात छोटा आरसा धरून स्वतःचं तोंड स्वतः रंगवताना पाहिलं आहे. तिथे रंगभूषाकार नसतो. ज्याला राक्षस व्हायचं असतं तोच आपल्या कपाळावर राक्षस काढतो. या आठवणीनं आमच्या बोलण्याला वेगळं वळण दिलं. आतापर्यंत रंगवू नको म्हणणारे नाना कसं रंगवावं ते सांगू लागले.

नाना: बेस लावताना स्पंज ओला, पण पिळलेला हवा. पाणी जास्त झालं की ओघळ येतात. कपाळापासून खाली ये, पातळ लाव, वाळू दे, मग दुसरा हात फिरव. जाड थराला हसताना भेगा पडतात. डोळ्याच्या अगदी काठावर काही नको. खालच्या पापणीजवळ जाताना तिला छताकडे बघायला सांग. ब्रश धरलेल्या हाताची करंगळी तिच्या गालावर टेकव. पोर हललं तर हातही तिच्याबरोबर हलतो, रेघ डोळ्यात जात नाही. काळा सगळ्यात शेवटी. पावडर हवेत उडवू नको, डोळे मिटून श्वास धरायला सांग आणि पफनं दाबून लाव. चमकी लावायचीच तर तोंडासाठी बनवलेली. हस्तकलेच्या दुकानातल्या चमकीच्या कडा धारदार असतात, डोळ्यात गेली तर बुबुळाला ओरखडा.

मी: तिला कवटी हवी आहे.

नाना: कवटी काळ्या रंगानं होत नाही. काळ्यानं नुसती भोकं दिसतात. तपकिरी आणि राखाडी मिसळ. तिला गाल आत ओढायला सांग. जिथे खड्डा पडेल तिथेच सावली द्यायची. कपाळावर बोट फिरवून भुवईचं हाड चाचप, त्याच्या खाली सावली. म्हातारी चेटकीण हवी असेल तर आठ्या घालायला सांग आणि पडतील त्याच आठ्यांवर बारीक रेघ ओढ. पुस्तकातलं भूत तिच्या तोंडावर चिकटवू नको. तिचं भूत तिच्याच हाडांत आहे, ते बाहेर काढ.

हे शेवटचं वाक्य मी जपून ठेवलं आहे. नानांना वाटतं त्यांनी तंत्र सांगितलं. मला वाटतं, त्यांनी माझी बाजू माझ्यापेक्षा चांगली मांडली. तयार मुखवटा हजार मुलांना एकच चेहरा देतो. घरी रंगवायला बसलेल्या आईला किंवा बापाला मुलाच्या चेहऱ्याचा अभ्यास करावा लागतो: कोणत्या गालावर खळी आहे, कोणती भुवई आधी वर जाते, चिडली की नाकपुडी कशी फुलते.

मी: एक राहिलं. इमारतीत सगळ्यात लहान अडीच-तीन वर्षांची आहेत. त्यांचीही तोंडं रंगवावीत असं त्यांच्या आयांना वाटतं.

नाना: मुळीच नको. गुहागरकडे शिमग्याला एवढंसं पोर संकासुराला बघून निळं पडेपर्यंत रडलेलं मी पाहिलंय. तो संकासुर त्याचा सख्खा काका होता. काकानं टोपी काढून दाखवली तरी ते त्याच्याकडे जाईना.

नानांनी पाहिलेलं एका प्रयोगातूनही सिद्ध झालेलं आहे. रीटा डी व्रीज या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1969 साली तीन ते सहा वर्षांच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्याकडे मेनार्ड नावाचं शांत, माणसाळलेलं मांजर होतं. मुलं आधी त्याला कुरवाळायची. मग मांजराचं डोकं आडोशामागे नेऊन त्याला कुत्र्याचा मुखवटा घालायचे. त्याचं मागचं अंग आणि शेपूट मुलांना पूर्ण वेळ दिसत असायचं. तरीही तीन वर्षांच्या बऱ्याच मुलांना वाटलं, हे आता कुत्रंच झालं, ते भुंकेल, चावेल. सहाच्या आसपासची मुलं ठामपणे म्हणाली, ते मांजरच आहे, वरून मुखवटा आहे. मधल्या वयातली मुलं घोटाळलेली. म्हणून भुताच्या रंगाला वय लागतं. तीनच्या बाळाला गालावर एक चांदणी पुरे, आणि आईनं तर स्वतःचं तोंड त्याच्यासमोर मुळीच भयंकर करू नये.

मी: म्हणजे मोठ्या मुलांच्याही हातात आरसा द्यायला हवा. पहिल्या हातापासून शेवटच्या रेघेपर्यंत.

नाना: तेच तर आम्ही करतो! रंगपटात नट आरशासमोर का बसतो? मला दिसावं म्हणून नाही. मला तो समोर दिसतोच. त्याला स्वतःला बदलताना बघायचं असतं. निम्मं पात्र तिथेच तयार होतं. डोळे मिटून बसवलं आणि शेवटी 'बघ आता' म्हणून आरसा दाखवला, तर मोठा नटसुद्धा बावचळतो.

मुलांना चकित करण्याच्या नादात आपण नेमकं हेच करतो. डोळे मिट, आता उघड, टाळ्या. मूल टाळ्यांकडे बघून हसतं, पण आरशातलं भूत त्याला अनोळखी असतं. त्यापेक्षा मध्येच थांबावं, अर्धा चेहरा रंगवून झाल्यावर त्याला दोन्ही बाजू आळीपाळीनं हातानं झाकून बघू द्यावं. भय कसं तयार होतं हे ज्यानं स्वतःच्या गालावर पाहिलं, ते मूल पुढच्या वेळी संकासुराकडे कुतूहलानं बघेल. नको म्हणालं तर मात्र तिथेच पुसून टाकावं, मग कितीही सुंदर झालेलं असो.

नाना: तरी माझा मूळ मुद्दा तसाच आहे. सोंगाला काम लागतं. बहुरूपी फौजदार होऊन दारात येतो तर वॉरंट काढतो, घरधन्याला दरडावतो, गाव हसवतो, मग पैसे मागतो. तुमची भुतं काय करतात?

मी: जिथून हे आलं तिथे काम होतं. स्कॉटलंड-आयर्लंडमध्ये मुलं शेकोटीची काजळी तोंडाला फासून घरोघर जायची, आणि दारात गाणं नाही तर कविता म्हणून दाखवल्याशिवाय सफरचंद-अक्रोड मिळत नसत. नुसतं चॉकलेट मागणं हे पुढे बाजारानं शिकवलं. आपणही मुलांना काम देऊ. आणि आपली भुतं घेऊ. मुंजा घेऊ. पिंपळावर राहतो, लहान मुलगाच असतो, फिकट तोंड, डोक्यावर शेंडी.

नाना: मुंजा नको.

मी: का? तुम्हीच तर म्हणत होता आपलं घ्या.

नाना: अगं, मुंजा म्हणजे कोणाचं तरी पोर होतं. मुंज झाली आणि लग्नाआधी गेलं. आमच्या गावात पार आहे, तिथे बाया अजून दिवा लावतात. त्यातल्या एखादीच्या घरात खरंच तसं झालेलं असतं. त्याचं तोंड तू नातीएवढ्या पोरीच्या तोंडावर काढून जिन्यातून नाचवणार? हडळही नको. बाळंतपणात गेलेली बाई असते ती. त्यापेक्षा तुझं ते विलायती भूत परवडलं. त्याचं इथे कोणी सुतक धरलेलं नाही.

हे मला अपेक्षित नव्हतं. हॅलोवीन परकं म्हणून नको म्हणणारे नाना आता परक्या भुताची बाजू घेत होते, आणि तीही ते परकं असल्यामुळेच. आणि आपलं ते घेऊ म्हणणारी मी, आपल्या भुतांमागे आपलीच माणसं आहेत हे विसरले होते, असं त्यांचं म्हणणं. मी ते पूर्ण मानत नाही. मुंज्याची गोष्ट मुलांनी ऐकावी, पाराजवळून जाताना त्या न वाढलेल्या मुलाबद्दल त्यांना काही वाटावं, असं मला मनापासून वाटतं. दोन नोव्हेंबरच्या मेणबत्त्या आणि सर्वपित्रीचा घास यांच्याकडे जाणारी वाट मुलांसाठी बहुतेक भुताच्या गोष्टीतूनच सुरू होते. पण गोष्ट सांगणं वेगळं आणि तोंडावर काढणं वेगळं, हे नानांचं बरोबर आहे. मागितलेल्या चॉकलेटाशी त्या मुलाचा संबंध जोडू नये.

मी: मग चकवा? तो कोणी मेलेला माणूस नाही. नुसता वाट चुकवतो. रात्री चाललेल्या माणसाला त्याच त्याच जागी फिरवून आणतो.

नाना: चकवा... चकव्याला तोंड कोणी पाहिलंय?

मी: कोणीच नाही. म्हणून आपण काढू.

नाना: थांब. पांढरा बेस नको मग. सबंध तोंडाला राखाडी, पहाटेच्या धुक्यासारखा. एका गालावरून वाट काढायची, तपकिरी, नाकावरून पलीकडे न्यायची आणि दुसऱ्या गालावर भलतीकडे वळवून कानामागे सोडून द्यायची. एक भुवई वर, एक खाली. बघणाऱ्याची नजर कुठे थांबूच नये. आणि काम पण झालं. जिन्यात उभं राहून येईल त्याला कोडं घालायचं. उत्तर चुकलं तर एक मजला पुन्हा उतरायचा.

मी: तुम्हीच काढा ना, नाना. तुमचा हात...

नाना: नाही. मी हॅलोवीनला रंग लावणार नाही, ते मी बोललोय आणि ते तसंच आहे. शिमग्याला आण, तेव्हा मी बसेन. आता तूच लाव. परक्या हाताखाली पोर अंग आखडून बसतं, तुझ्या हाताखाली सैल बसेल, त्यामुळे रेघ बरी येईल. आणि ऐक, त्या दिवसांत फटाके असतात. डोक्याला नायलॉनचा टोप नको, लोकरीची दाढी नको, अंगात सुती कपडे. सोंग उतरवून तोंड धुतल्याशिवाय हातात फुलबाजी द्यायची नाही. धुताना आधी खोबरेल चोळ, मऊ कापडानं टीप, मग साबण-पाणी. घासू नको. रंग लावूनच झोपू दिलंस तर उशी जाईल आणि सकाळी डोळे लाल होतील. इमारतीतल्या चार पोरांना रंगवणार असशील तर स्पंज चार, एकाचा दुसऱ्याला नाही.

मी: बरं.

नाना: बरं काय? कोपरावर लावून बघितलास का रंग?

मी: डबी आजच आणली.

नाना: मग आज रात्री लाव. उद्या सकाळी तिला कोपर दाखवायला माझ्याकडे पाठव, मग त्या वाटेचं वळण कुठे घ्यायचं ते बघू.